पूलचा खेळ : पडद्यावरचा आणि टेबलावरचा



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस आणि महागाई ह्यांवरच बोलणार, अशी लोकांची समजूत असते. आज मी एका खेळाविषयी बोलणार आहे. परंतु विषय अगदीच परका नाही. कष्टकऱ्याच्या वाट्याला जो फावला वेळ येतो तो त्याने कोठे, कोणाच्या संगतीत आणि किती पैशांत घालवावा, हा प्रश्न आठ तासांच्या दिवसाच्या मागणीइतकाच जुना आहे. पूल हा खेळ तरुणांत आणि दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांत कसा वाढला, आणि आपल्याकडे वाढवावयाचा तर काय केले पाहिजे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम खेळ समजून घेऊ. ज्याने कॅरम खेळला आहे त्याला पूल समजावयास पाच मिनिटे पुरतात. स्ट्रायकरच्या जागी पांढरा चेंडू, बोटाच्या जागी क्यू नावाची काठी, आणि चारऐवजी सहा पॉकेटे. ह्या घराण्यात तीन भावंडे आहेत. थोरले बिलियर्ड्स तीन चेंडूंचे. मधले स्नूकर : पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा, टेबल बारा फूट लांब व सहा फूट रुंद. धाकटा पूल, त्याचे टेबल नऊ फुटांचे, आणि इंग्लंडातल्या पबमध्ये सातच फुटांचे. पूलच्या 'नाइन-बॉल' ह्या प्रकारात एक ते नऊ आकड्यांचे चेंडू असतात. पांढऱ्या चेंडूने प्रत्येक वेळी टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याला प्रथम स्पर्श केला पाहिजे, आणि जो नियमाने नऊ नंबरचा चेंडू पॉकेटात घालील तो जिंकला. कॅरममधल्या राणीला जो मान, त्याहून मोठा मान ह्या नवाला.

आता प्रश्न असा की, थोरल्या भावाला लोक विसरले आणि धाकटे पुढे का आले? ह्याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. बिलियर्ड्सचे खेळाडू फार चांगले खेळू लागले म्हणून! ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रम ह्याने १९३२ साली लंडनमध्ये एका डावात, न चुकता, ४,१३७ गुण केले. समोरचा खेळाडू जो डेव्हिस खुर्चीवर बसून राहिला, आणि प्रेक्षकही. त्या कौशल्याला नमस्कारच केला पाहिजे. परंतु ज्या खेळात एकच माणूस तासन्तास खेळतो आणि पुढे काय होणार ते सर्वांना ठाऊक असते, तो पाहावयास लोक कितीदा येणार? जो डेव्हिसने हे ओळखले. त्याच्याच पुढाकाराने १९२७ साली स्नूकरची जागतिक स्पर्धा सुरू झालेली होती. हळूहळू लोक तिकडे वळले.

स्नूकरला खरे घरोघर नेले ते दूरचित्रवाणीने. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर १९६७ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. रंग दाखविण्याजोगे, आणि खर्चाला हलके असे काही हवे होते. स्नूकर त्या साच्यात नेमके बसले. फुटबॉलच्या मैदानावर कॅमेऱ्याला धावावे लागते. येथे टेबल जागचे हलत नाही, दिवे एकदा लावले की लावले, आणि रंगावरूनच गुण ठरतात. १९६९ साली 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात एका सामन्याला एकच डाव ठेवला. पहिल्या वर्षीचा विजेता रे रीअर्डन. हा वेल्समधला खाणकामगार. १९५७ साली खाणीत दरड कोसळून तो काही तास गाडला गेला होता. पुढे पोलिसात शिपाई झाला आणि नंतर सहा वेळा जगज्जेता. ब्रिटनमध्ये हा खेळ उमरावांच्या दिवाणखान्यातून निघून कामगारांच्या क्लबांत आणि खाणकामगारांच्या संस्थांत अगोदरच पोचलेला होता, हे येथे ध्यानात ठेवावे. पडद्याने लोकप्रियता दिली खरी, परंतु ती रिकाम्या जमिनीत पेरली नव्हती.

त्या पेरणीचे पीक १९८५ साली दिसले. शेफील्डमधल्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिसने पहिले आठ डाव ओळीने जिंकले. तरीही डेनिस टेलरने गाठत गाठत सामना शेवटच्या डावाच्या शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत नेला आणि तो चेंडू घालून १८–१७ असा जिंकला. सबंध सामन्यात तो प्रथमच पुढे गेला होता, तो तेथे! मध्यरात्र उलटून गेली होती, तरी १ कोटी ८५ लाख लोक जागे राहून पाहत होते. अर्थात त्या काळी तेथे वाहिन्या चारच होत्या, हेही विसरता कामा नये.

आता पैशाकडे वळू, कारण कोणत्याही तमाशाचा तंबू कोणी उभारला हे विचारल्यावाचून आमच्यासारख्याला चैन पडत नाही. ब्रिटनमध्ये १९६५ साली दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. तेव्हा सिगारेटवाले खेळाच्या दारातून आत आले. स्नूकरची जागतिक स्पर्धा १९७६ पासून २००५ पर्यंत एका सिगारेटच्या नावानेच ओळखली जात होती. मुलाने पाहावयाचा खेळ, आणि त्याच्या कपाळावर विडीचे नाव! कायद्याने ते थांबले. परंतु तीस वर्षे गेली ती गेलीच.

धाकट्या पूलची कथा दोन ठिकाणी घडली, पबमध्ये आणि पडद्यावर. पबमधल्या टेबलात नाणे टाकले की चेंडू बाहेर येत. आव्हान देणाऱ्याने आपले नाणे टेबलाच्या काठावर ठेवावयाचे. जो जिंकेल तो टेबलावर राहील, हरेल तो उठेल. ना वर्गणी, ना पोशाखाची अट. ह्या एका रिवाजाने जितक्या तरुणांच्या हाती क्यू दिला, तितका कोणत्याही जाहिरातीने दिला नसेल.

पडद्यासाठी मात्र खेळाला थोडी कात टाकावी लागली. अमेरिकेत पूर्वी मान होता तो लांबलचक 'स्ट्रेट पूल'ला. विली मॉस्कोनीने १९५४ साली त्यात ओळीने ५२६ चेंडू घातले. पण दूरचित्रवाणीने उचलले ते झटपट संपणारे नाइन-बॉल. टेबलावरचे हिरवे कापड पुष्कळ ठिकाणी निळे झाले. चार नंबरचा जांभळा आणि सात नंबरचा तपकिरी चेंडू पडद्यावर नीट ओळखू येत नसत, म्हणून एक गुलाबी केला व दुसरा फिकट. १९९४ पासून युरोप विरुद्ध अमेरिका अशी मॉस्कोनी कप स्पर्धा सुरू झाली. तीत प्रत्येक फटक्याला वेळेची मर्यादा असते, आणि प्रेक्षकांना ओरडण्याची मुभा. स्नूकरचे देवळातले मौन येथे नाही. येथे कुस्तीच्या फडाचा गलबला आहे. तरुण त्यालाच भुलले.

फिलिपाइन्सचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. एफ्रेन रेयेस हा गरीब घरातला मुलगा मनिलामध्ये आपल्या काकाच्या बिलियर्ड्सच्या दुकानात वाढला. उंची पुरत नसे म्हणून खोक्यावर उभा राहून खेळे आणि रात्री टेबलावरच झोपे. १९९९ साली कार्डिफला तो नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. त्याच्या देशाने ते पडद्यावर पाहिले, आणि पूलची तेथे लाटच उसळली. ती टिकली, कारण रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली टेबले उभी होती. सकाळी रेयेसला पाहावे आणि संध्याकाळी चार नाणी देऊन त्याचा फटका करून पाहावा, असे तेथे शक्य होते. ह्याच रेयेसने २००६ साली अमेरिकेत पाच लाख डॉलरचे बक्षीस जिंकले, आणि ती स्पर्धा भरविणारी संस्था खेळाडूंना वेळेवर पुरते पैसे देऊ शकली नाही. झगमगाट मोठा आणि तिजोरी रिकामी, हा अनुभव आमच्या लोकांना नवा नाही.

आता आपल्याकडे पाहू. स्नूकरचा जन्मच मुळी हिंदुस्थानातला : १८७५ साली, जबलपुरातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले; १९६४ साली पुन्हा झाले. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा. परंतु जोन्स पहिल्यांदा जिंकले तेव्हा देशात दूरचित्रवाणीच नव्हती. मुंबईत ती १९७२ साली आली. रंगीत झाली १९८२ साली. फरेरांना १९८१ साली पद्मश्री देऊ केली, तेव्हा क्रिकेटपटूला पद्मभूषण आणि आम्हांला पद्मश्री का, असे म्हणून त्यांनी ती नाकारली. पडद्यावर न दिसणाऱ्या खेळाची ती कैफियत होती.

पण दोष केवळ पडद्याचा नाही. आपली टेबले जिमखान्यांत आणि क्लबांत होती. तेथे कामगाराचा मुलगा शिरला तर तो गुण मांडणारा मार्कर म्हणून. सभासद म्हणून नव्हे. पुढे शहरांतून तासाच्या भाड्याने पूल पार्लर निघाली. पण आईबापांना ती वाया जाण्याची जागा वाटते, आणि मुलींची पावले तिकडे वळत नाहीत. मोबाइलवर पूल खेळणारी मुले नियम तोंडपाठ म्हणतात. काचेवर बोट फिरवून हाताला क्यूचा तोल मात्र कळत नाही.

तेव्हा उपाय काय? लोकप्रियता पडद्यापासून सुरू होत असेल, पण टिकते ती टेबलापाशी. एका कॉलेजात, एका कामगार कल्याण केंद्रात, एका नगरवाचनालयाशेजारच्या खोलीत सात फुटांचे एक टेबल ठेवा. कॅरमसारखीच पाळी लावा : जिंकेल तो राहील. मुलींसाठी वेळ राखून ठेवा. खोलीला मोठ्या खिडक्या ठेवा, म्हणजे आत काय चालते ते रस्त्यावरून दिसेल आणि संशयाला जागा उरणार नाही. गावातले सामने गावच्या केबलवर दाखवा. शेजारचा पोरगा पडद्यावर दिसला की साऱ्या आळीला नियम कळतात. तंबाखूवाल्याचा आणि सट्टेवाल्याचा पैसा दारातूनच परत पाठवा. आणि स्पर्धा मोठी असेल तर पहिला फटका होण्यापूर्वी बक्षिसाची रक्कम बँकेत जमा झाली पाहिजे, असा नियम करा.

प्रेक्षक वाढविणे सोपे आहे. बटण दाबले की प्रेक्षक तयार होतो. खेळाडू तयार व्हावयाचा तर त्याला जागा, वेळ आणि परवडणारे दार हवे. तेवढे आपण देऊ शकलो, तर पडद्यावाले आपण होऊन विचारीत येतील, की सामना कोठे आहे?