गादीवर कोण बसणार? नागपूरकर भोसले आणि जर्मनीचे सात मतदार



बँकेत असताना खातेदार वारल्यावर वारसांचे वाद आम्ही पुष्कळ पाहिले. एक भाऊ म्हणे मी थोरला, दुसरा म्हणे शेवटपर्यंत सेवा मी केली, आणि आई मधे बसून रडे. बहुतेक ठिकाणी मूळ कारण एकच असे, ते म्हणजे मागे लेखी काहीच ठेवलेले नसे. हीच गोष्ट राज्याच्या बाबतीत घडली तर काय होते, हे आपल्या वैनगंगेच्या खोऱ्याने पाहिले आहे. आपला हा भाग तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता.

पहिले रघूजी भोसले १७५५ मध्ये वारले. त्यांना चार मुलगे होते. जानोजी वयाने थोरले, पण धाकट्या राणीचे. मुधोजी थोरल्या राणीचे. मग थोरला कोणाला म्हणायचे? दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. वाद पुण्याला पेशव्यांकडे गेला, नजराण्याची बोलणी झाली. जानोजींना सेनासाहेब सुभा हे पद, तर मुधोजींना सेनाधुरंधर ही पदवी आणि चांदा मिळाला. छत्तीसगड बिंबाजींकडे गेले. म्हणजे गादीचा हक्क घराण्यातला, पण शिक्का बाहेरचा.

पुढे १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारले. मुधोजींचा मुलगा रघूजी याला दत्तक घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. मात्र त्यांच्या पत्नी दर्याबाईंनी सुरुवातीला साबाजींची बाजू घेतली. पुण्याच्या दरबारातही तेव्हा दोन तट होते, त्यामुळे शिक्का कोणाचा मानायचा हेच ठरेना. शेवटी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावला लढाई झाली आणि मुधोजींच्या गोळीने साबाजी मारले गेले. वारसाचा निकाल भावाच्या रक्ताने लागला.

आता हाच प्रश्न जर्मन मुलखात कसा सोडवला ते पाहू. तिथे सम्राट वारसाने नव्हे, तर निवडणुकीने ठरत असे. अर्थात मत जनतेला नव्हते, फक्त सात जणांना होते. मेंझ, ट्रिअर आणि कलोन इथले तीन आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, आणि ऱ्हाइन पॅलेटिनेट, सॅक्सनी व ब्रांडेनबुर्गचे अधिपती. चौथ्या चार्ल्सने १३५६ मध्ये ही रीत लेखी केली. तो दस्तऐवज सुवर्ण-मुद्रेचा जाहीरनामा म्हणून ओळखला जातो. निवडणूक फ्रँकफर्टला, बोलावणे मेंझच्या आर्चबिशपने पाठवायचे आणि आपले मत सर्वांत शेवटी द्यायचे. चार मते पडली की निवड पक्की. तीस दिवसांत निर्णय झाला नाही, तर पुढे मतदारांना फक्त भाकर आणि पाणी! आमच्या मते सभा वेळेत आटोपण्याचा याहून चांगला उपाय नाही.

त्यात आणखी एक कलम होते. सम्राट निवडून यायचा, पण मतदार असलेल्या या अधिपतींची स्वतःची राज्ये मात्र थोरल्या मुलाकडेच जातील आणि त्यांच्या वाटण्या होणार नाहीत, असे ठरवून दिले होते. मत कोणाचे, हाच वाद उद्या उभा राहू नये म्हणून ही काळजी.

ही पद्धत निर्दोष होती असे नाही. १५१९ च्या निवडणुकीत पाचव्या चार्ल्सने मते वळवण्यासाठी साडेआठ लाख नाण्यांच्या आसपास खर्च केला, आणि त्यातले निम्म्याहून जास्त कर्ज आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांनी दिले. चार वर्षांनी याकोब फुगरने थेट सम्राटाला पत्र लिहून, माझ्याशिवाय तुम्हाला मुकुट मिळाला नसता, या अर्थाची आठवण करून दिली. वसुलीची नोटीसच ती! पुढे निवडणूक चालू राहिली, पण सम्राट बहुधा हॅब्सबुर्ग घराण्यातलाच निवडला जाई. १८०६ मध्ये ते साम्राज्यच संपले. तरीही लेखी नियमाने साडेचारशे वर्षे काम दिले.

नागपूरला तसा नियम झाला नाही, आणि शिक्का देणारा हात तेवढा बदलत गेला. १८१८ मध्ये आप्पासाहेबांना काढून इंग्रजांनी दुसऱ्या रघूजींच्या मुलीच्या मुलाला गादीवर बसवले. हेच तिसरे रघूजी. ते डिसेंबर १८५३ मध्ये वारले. मुलगा नव्हता आणि हयातीत दत्तक घेतलेला नव्हता. राणीवशाने दत्तकाची मान्यता मागितली. डलहौसीने ती नाकारली आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. वाड्यातले जडजवाहीर, हत्ती, घोडे लिलावात गेले. डलहौसीचा लोभ होताच, पण त्याला सबब मिळाली ती न केलेल्या दत्तविधानाची.

आम्ही निवृत्त झालो तरी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने रक्कम स्वीकारायची आणि ती खऱ्या वारसांपर्यंत पोचवायची. पासबुकावर नाव लावले म्हणजे वाटणी झाली, असे आपल्यातली अनेक घरे समजतात. दोन साक्षीदारांच्या सह्यांचे साधे मृत्युपत्र करून ठेवावे, आणि ते कुठे ठेवले आहे हे घरात सांगावे. आमचे आम्ही केले आहे. करायला एक दुपार लागली.