घरच्या व्हिडिओची डीव्हीडी: सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?

समजा, जयपूरच्या सहलीत तुम्ही हँडीकॅमवर हवामहल टिपलाय आणि आता त्याची डीव्हीडी करायची आहे. 1799 साली बांधलेल्या या वास्तूला 953 छोट्या खिडक्या. कॅमेरा त्यांवरून फिरला की बारीक जाळी सतत हलते. सॉफ्टवेअरची खरी परीक्षा तिथेच.

डीव्हीडीला एमपेग-2 लागतं. भारतात पाल पद्धत, म्हणजे 720 बाय 576 आणि सेकंदाला 25 फ्रेम. हँडब्रेक चांगलं आहे, पण ते एमपी4, एमकेव्हीसारख्या फाइल देतं, डीव्हीडी बनवत नाही. डीव्हीडीस्टायलर मोफत आहे आणि मेनूसकट डिस्क बनवतं.

कोणतंही घ्या, दोन गोष्टी पाहा. बिटरेट आपल्याला ठरवता यावा: 4.7 जीबीच्या डिस्कवर दोन तास भरले तर सेकंदाला साधारण 5 मेगाबिट मिळतात, एक तास भरला तर 8 सहज. दुसरं, टू-पास हवं: पहिल्या फेरीत अवघड दृश्यं हेरली जातात, दुसरीत त्यांना जास्त बिट मिळतात.

आधी जाळीचं एकच मिनिट एन्कोड करून टीव्हीवर पाहा. चौकोन दिसले तर बिटरेट वाढवा. आणि मूळ टेप जपून ठेवा. एन्कोडिंगमध्ये गेलेला तपशील डिस्कवरून परत मिळत नाही.