झडप मिटवायची कोणी?

आजचा विषय ठरला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी मला हळूच विचारलं, "पत्रिकेवर 'संडास' नको, 'शौचकूप' छापू या का?" मी म्हटलं, शब्द कोणताही छापा, आतली झडप तीच आहे. आणि आपण बोलणार आहोत ते झडपेविषयीच.

मागच्या व्याख्यानानंतर एका आजी मला भेटल्या. म्हणाल्या, "आमच्या कमोडची टाकी रात्रभर कुजबुजते हो. प्लंबर येतो, वायसर बदलतो, पैसे घेतो. महिन्याभराने पुन्हा कुजबुज सुरू." त्यांना मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, कारण ते उत्तर जवळजवळ सव्वाचारशे वर्षांचं आहे. ते आज देतो.

मूळ प्रश्न अगदी साधा आहे. संडासात पाणी सोडण्यासाठी काहीतरी उघडावं लागतं. ते उघडायला माणूस तयारच असतो, कारण त्याला तिथली घाण नजरेआड करायची असते. पण एकदा ती नजरेआड झाली की त्याचं काम संपलं. उघडलेलं पुन्हा बंद करण्यात त्याला काडीचाही रस नसतो. घरातल्या घरात दिवे बंद करत फिरणारा एखादा माणूस असतो ना, तसा प्रत्येक संडासाबाहेर एक माणूस ठेवता येत नाही. म्हणून फ्लशच्या संडासाचा इतिहास मला विचाराल तर पाणी सोडण्याचा नाहीच, तो झडप आपोआप मिटवण्याचा आहे.

सुरुवात इंग्लंडात होते. पहिल्या एलिझाबेथ राणीचा एक मानसपुत्र होता, सर जॉन हॅरिंग्टन. कवी, विनोदी आणि थोडा आगाऊ. बाथ शहराजवळच्या केल्स्टन गावी त्याने एक यंत्र बसवलं आणि १५९६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुस्तकाच्या नावात 'एजॅक्स' या ग्रीक वीराचं नाव आहे, आणि त्यावर श्लेष आहे, कारण संडासाला तेव्हाच्या इंग्रजीत 'जेक्स' म्हणत. राणीच्या रिचमंडच्या राजवाड्यातही असं एक यंत्र बसलं. वर पाण्याची टाकी, खाली भांडं, भांड्याच्या तळाशी पितळी बूच. त्या बुचाला वर येणारा दांडा. दांडा वर घेतला की भांडं खाली रिकामं होई, टाकीची तोटी सोडली की भांडं धुतलं जाई, आणि मग बूच पुन्हा नीट दाबून बसवायचं. कोणी? बसणाऱ्याने किंवा त्याच्या नोकराने. हॅरिंग्टनला माणसाचा स्वभाव ठाऊक असावा. त्याचा सल्लाच असा की पाणी भरपूर असेल तर जितकं जास्त वेळा उघडाल तितकं चांगलं, पण कमी असेल तर वीस माणसांच्या वापरालाही दिवसातून एकदा उघडणं पुरे. वीस माणसं! म्हणजे झडप माणसाच्या हाती असेल तर ती कमीत कमी वेळा हलवावी, हे त्याने मान्यच करून टाकलं होतं.

पुढची जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आपण सोडून देऊ. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या माणसाने पेटंट घेतलं. हा एडिंबरोचा, लंडनमध्ये बाँड स्ट्रीटवर दुकान असलेला घड्याळजी. साधासुधा नव्हे, तिसऱ्या जॉर्ज राजासाठी त्याने हवेचा दाब नोंदवणारं घड्याळ केलं होतं. त्याने भांड्याखालची नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वाकवली, म्हणजे वाकणात पाणी साचून राहतं आणि खालची दुर्गंधी वर येत नाही. ते वाकण आजही तुमच्या-माझ्या घरात आहे. पण कमिंगचा भरवसा फक्त त्या वाकणावर नव्हता. भांड्याच्या तळाशी त्याने सरकती झडप ठेवली, खणासारखी आडवी सरकणारी पट्टी. एकच मूठ ओढली की पट्टी सरकते आणि वरून पाणीही सुटतं. एका हाताच्या एका हालचालीत दोन कामं, हा घड्याळजीचाच विचार.

आता गंमत बघा. सरकत्या पट्टीला खाच लागते. खाचेत काय जाऊन बसेल हे मी सांगायला नको. तिथे कचरा वाळतो, पट्टी अडते, पूर्ण मिटत नाही. थंडीत तर ती गोठून बसे. घड्याळाच्या डबीत धूळसुद्धा जाऊ द्यायची नाही, अशी ज्याची आयुष्यभराची सवय, त्याने अशा ठिकाणी सरकता खण बसवला! त्याला मी दोष देत नाही. प्रत्येक कारागीर पहिल्यांदा आपल्याच धंद्यातलं उत्तर काढतो.

दुसरा कारागीर होता सुतार. जोसेफ ब्रामा, यॉर्कशायरच्या शेतकऱ्याचा मुलगा. लहान वयात पायाला इजा झाल्यामुळे नांगर सुटला आणि रंधा हातात आला. लंडनमध्ये तो श्रीमंतांच्या घरी कमिंगच्या पद्धतीचे संडास बसवायचं काम करी, म्हणजे त्याने ते बिघडताना स्वतः पाहिले होते. १७७८ साली त्याने आपलं पेटंट घेतलं. त्याने खण काढला आणि दार लावलं. सुतारच तो! भांड्याच्या तोंडाखाली एक बिजागरीची झडप, खाली उघडणारी. मूठ वर ओढली की झडप खाली पडते आणि मूठ सोडली की वजनाच्या किंवा कमानीच्या जोराने ती वर येऊन तोंडावर चपखल बसते. बिजागरीला लांब खाच नसते. दार उघडताना आपल्यावरचं सगळं झटकून टाकतं. आणि मुख्य म्हणजे, मिटण्यासाठी माणसाने फक्त हात सोडायचा आहे. हात सोडणं तर आळशातला आळशी माणूसही करतो.

इथे मी जरा थांबतो, कारण खरी अडचण इथेच आहे. ब्रामाची झडप खाली उघडते आणि तिच्यावर भांड्यातलं पाणी उभं असतं. समजा झडप दहा सेंटिमीटर व्यासाची आहे आणि वर दहा सेंटिमीटर पाणी आहे. गणित करा, झडपेवर पाऊण किलोहून जास्त भार येतो. हा भार तिला सतत उघडायला बघतो. म्हणजे पाणी इथे झडपेचं शत्रू आहे. ते पेलायला दुसऱ्या बाजूला तेवढंच, किंबहुना जास्त वजन हवं, बिजागरी घट्ट हवी, कडेचं चामडं मऊ राहायला हवं. यातलं एक ढिलं झालं की भांड्यातलं पाणी हळूहळू खाली उतरतं, आणि पाणी गेलं की वास वर येतो.

याहून अवघड भानगड वेळेची होती. वरची पाण्याची झडप आणि खालची भांड्याची झडप, दोन्ही एकाच मुठीला बांधलेल्या. मूठ सोडली की दोन्ही एकदम मिटतात. मग भांड्यात पाणी उरणार कुठून? खालचं दार मिटल्यावरही वरून थोडं पाणी येत राहायला हवं, तरच भांडं पुन्हा भरतं. म्हणजे वरच्या झडपेने मिटायचं खरं, पण उशिरा मिटायचं. पुढच्या शतकातल्या कारागिरांनी यासाठी लहानसा भाता बसवला. मूठ ओढली की भाता फुगतो, आणि सोडली की वजनाखाली तो हळूहळू दबतो, कारण हवा बाहेर जायला एवढंसं छिद्र असतं. हवा संपेपर्यंत पाणी चालू. छिद्र कमी-जास्त करून वेळ जुळवायची. बघा, घड्याळजीचं काम शेवटी लोहाराच्या भात्याने केलं.

हे सगळं असूनही ब्रामाचा धंदा जोरात चालला. १७९७ पर्यंत सहा हजारांच्या आसपास संडास केल्याचा त्याचा दावा होता. पुढे त्याची कुलपं गाजली, पाण्याच्या दाबावर चालणारा दाबयंत्राचा शोधही त्याचाच. पाणी कुठूनही निसटू न देण्याचं वेड या माणसाला संडासापासूनच लागलं असावं, असं मला आपलं वाटतं.

मात्र हे दोन झडपांचं यंत्र महाग होतं आणि त्याला सांभाळणारा प्लंबर हवा. गरिबाघरी ते कधी गेलंच नाही. शेवटी ज्या वाकणाकडे कमिंगने जोडीदार म्हणून पाहिलं होतं, त्याच्यावर एकट्यावर भरवसा टाकायचं लोकांनी ठरवलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी मातीचं अखंड भांडं आलं, त्याच्या पोटातच वाकण, आणि खालची झडप कायमची गेली. वास अडवायला साचलेलं पाणी पुरतं, त्याला बिजागरी लागत नाही.

उरली फक्त टाकीतली झडप. इथे एक नवा माणूस भांडायला आला: पाणी विकणारी कंपनी. घाण वाहून जावी म्हणून घरवाल्याला पाणी भरपूर हवं, आणि कंपनीला ते मोजून द्यायचं. टाकीच्या तळाला झडप असली की ती कधीतरी गळणार. आणि ही गळती कोणाला दिसत नाही, जमीन ओली होत नाही, पाणी गुपचूप भांड्यातून गटारात जातं. १८७१ च्या कायद्याखाली लंडनमध्ये नियम आले की एका वेळी दोन गॅलन, म्हणजे सुमारे नऊ लिटरच पाणी सुटेल अशी, पाणी वाया न घालवणारी टाकी हवी. यावर कारागिरांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी झडपच काढून टाकली. तिच्या जागी उलटी वाकवलेली नळी, सायफन. पाण्याला एकदा धक्का देऊन नळीच्या टेकाडावरून पलीकडे ढकललं की टाकी रिकामी होऊन हवा आत शिरेपर्यंत पाणी ओढलं जातं, आणि हवा शिरली की आपोआप थांबतं. मिटायला काही नाहीच, त्यामुळे गळायलाही काही नाही. टॉमस क्रॅपर या लंडनच्या प्लंबरची जाहिरातच 'बिनझडपेची' अशी असे. फ्लशचा शोध त्याने लावला ही मात्र दंतकथा.

तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांनी हा सायफन वापरला आहे. जुन्या इमारतींत, शाळांत, सरकारी विश्रामगृहांत उंचावर बिडाची टाकी आणि लोंबती साखळी असायची ना? तिच्यात एक बिडाची घंटा उपडी ठेवलेली असते. साखळी ओढली की घंटा उचलली जाते, सोडली की दाणकन खाली बसते, आणि त्या झटक्यात पाणी मधल्या नळीवरून पलीकडे उसळतं. म्हणूनच साखळी धरून लोंबकळणाऱ्याला पाणी मिळत नसे. वडील माणसं दाराबाहेरून ओरडायची, "अरे, झटका देऊन सोड!" ते यंत्रशास्त्रच सांगत होते.

अमेरिकेने निराळी वाट धरली. तिथे टाकीच्या तळाला झडप राहिली, पण वर उघडणारी आणि पोकळ. हिच्यावर टाकीतलं पाणी दाब देतं तो मिटवण्याच्या बाजूने. पाच सेंटिमीटर व्यास आणि वर पंचवीस सेंटिमीटर पाणी धरलं तर साधारण अर्धा किलो. ब्रामाचा शत्रू इथे मित्र झाला. एकदा उचलली की ती पोकळ असल्यामुळे तरंगत उघडी राहते, पाणी उतरलं की खाली बसते. १९०६ साली शिकागोच्या विल्यम स्लोनने तर टाकीच काढून टाकली. थेट नळाच्या दाबावरचा त्याचा फ्लश व्हॉल्व्ह आज विमानतळांवर, मॉलमध्ये दिसतो. आत एक लवचीक पडदा असतो, वरच्या कप्प्यात पाणी भरलेलं असलं की तो दाबून बसतो. दांडी ढकलली की वरचं पाणी निसटतं, पडदा उचलला जातो, फ्लश सुरू. मग पडद्यातल्या सुईएवढ्या छिद्रातून वरचा कप्पा सावकाश भरतो आणि पडदा बसतो. भात्याचं छिद्र आठवलं का? तेच, फक्त हवेऐवजी पाणी. पण त्या छिद्रात गाळाचा कण अडकला की वरचा कप्पा भरत नाही आणि पाणी वाहतच राहतं.

ब्रिटनने शंभरहून जास्त वर्षं टाकीतला सायफन सक्तीचा ठेवला होता. १ जानेवारी २००१ पासून तिथेही झडपा चालू लागल्या. सोबत दोन बटणांची सोय आली, कमी पाण्याचं एक, जास्तीचं एक. हेतू पाणी वाचवण्याचा होता. २०२० मध्ये तिथल्या पाणीबचतीच्या जाणकारांनी अंदाज दिला की देशातले संडास मिळून रोज सुमारे चाळीस कोटी लिटर पाणी गळतात, आणि त्यात मोठा वाटा या नव्या झडपांचा.

आपल्याकडच्या आधुनिक कमोडमध्येही तीच झडप आहे. आजींची टाकी कुजबुजते ती यामुळे. तळाची रबरी चकती कडक होते, तिच्यावर क्षार बसतात, ती केसभर उचललेली राहते. टाकीतलं पाणी उतरतं, बॉलकॉक ते भरून काढतो, आणि त्या भरण्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. वायसर बदलून महिन्यात पुन्हा तेच होत असेल, तर चकती ज्या कडेवर बसते ती कडच खरखरीत झाली असणार. तिथे बोट फिरवून बघा, क्षार असतील तर घासून काढा, चीर असेल तर पूर्ण संच बदला. पाच मिनिटांत लिटरभर, एवढी बारीक गळती धरली तरी दिवसाला २८८ लिटर होतात. आपल्या शहरांत माणशी १३५ लिटर पाण्याचा निकष आहे. म्हणजे घरात दोन माणसं जास्त राहतात, आणि ती कधी दिसत नाहीत.

तपासायला कोणाला बोलवायची गरज नाही. कपड्यांची नीळ असते, तिचे चार थेंब रात्री टाकीत टाका. फ्लश करू नका. सकाळी भांड्यातलं पाणी निळं दिसलं, तर झडप मिटत नाही.