चाळिशीनंतरची सायकल आणि थंडीतील सबुरी

बेळगावात राहून सायकलीविषयी लिहावयाचे, तर आरंभी एका शिक्षकाची आठवण करणे प्राप्त आहे. मुंबईस यांत्रिक आरेखन शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथे सायकली विकत घेऊन येथे पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या येथे विकीत. १८८८ साली निघालेल्या या दुकानातून पुढे केवढा उद्योग उभा राहिला, हे वाचकांस ठाऊकच आहे. आम्हीही शिक्षकच, परंतु चव्वेचाळिसाव्या वर्षी आम्ही पुन्हा सायकलीवर बसलो ते उद्योग काढण्यासाठी नव्हे, तर रक्तातील साखर वाढली म्हणून!

कॉलेज सुटल्यापासून आमचा सायकलीशी संबंध उरला नव्हता. पावसाळ्यात येथे चिखल व सरी यांमुळे नवशिक्याचा निभाव लागणे कठीण. म्हणून दिवाळी उलटल्यावर आम्ही आरंभ केला. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तपमान तेरा-चौदा अंशांपर्यंत सहज उतरते, आणि भातकापणी झालेल्या शेतांवर दाट धुके बसते. सकाळची नमाज आटोपावी, कानटोपी घालावी आणि हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा अशी वेंगुर्ल्याची वाट धरावी, हा आमचा क्रम ठरला.

पहिल्याच हिवाळ्यात आमची फजिती झाली. आमचे दोन जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले. "सर, चला की!" म्हणाले. पोरांच्या मागे राहणे आमच्या मनास रुचेना. घरातून निघून दहा मिनिटेही झाली नव्हती, तोच आम्ही जोर लावला. श्वास फुलला, छाती धडधडू लागली. तरी आम्ही थांबलो नाही. सुळग्याच्या पुढे धुक्यात समोर एकाएकी उसाची भिंत उभी राहिली. ट्रॅक्टरची ट्रॉली पंक्चर होऊन कडेला थांबली होती. तिच्या मागे ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. आम्ही ब्रेक दाबले, सायकल घसरली आणि आम्ही खडीवर पडलो. चालक धावत आला. "काय वो, एवढ्या धुक्यात कुठं निघालासा?" त्याने हात धरून उठविले. रात्रभर जागून तो ऊस कारखान्याकडे नेत होता. साखर उतरविण्यास निघालेलो आम्ही, अखेर उसापाशीच आडवे झालो!

मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे आम्ही फळ्यावर डाव्या हाताने लिहिले. घरच्या मंडळींनी सायकल माळ्यावर टाकण्याचा ठराव केला. डॉक्टरांनी मात्र निराळाच प्रश्न केला, "मास्तर, हाड जुळेल, परंतु थंड पडलेली मोटारसुद्धा आपण लगेच पळवीत नाही. मग हृदयाला का पळविलेत?" त्या प्रश्नाने आम्हांस अभ्यासास लाविले. त्या अभ्यासाचे सार येथे देतो.

थंडी लागताच शरीर आतील ऊब राखण्यासाठी त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचित करते. वाट अरुंद झाली की रक्तदाब वाढतो आणि हृदयास अधिक जोर लावावा लागतो. पहाटे जागे होताना रक्तदाब तसाही चढत असतो. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात आणि सकाळच्या वेळी अधिक आढळतात, त्याचे हे एक कारण. त्यात एकदम कष्ट घातले, तर चाळिशी ओलांडलेल्या हृदयावर तिहेरी भार पडतो. म्हणून आरंभीची वीस मिनिटे हलका गिअर ठेवावा, पायडल भराभर पण अलगद फिरवावे. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग असावा. बोलताना वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. थंड स्नायू आखडलेले असतात. जड गिअर रेटल्यास गुडघे कुरकुरतात. छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणे, घेरी, यांपैकी काही जाणवल्यास तत्काळ उतरावे व दवाखाना गाठावा. आणि आरंभ करण्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, हे सांगणे नलगे.

थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाणी प्यावयाचे राहून जाते. अर्ध्या तासाने दोन घोट तरी घ्यावेत. साखरेसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी तर रिकाम्या पोटी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि खिशात गूळ किंवा खडीसाखर बाळगावी. श्रमाने साखर एकदम उतरली, तर हात कापतात व डोळ्यांपुढे अंधारी येते.

कपड्यांविषयी एकच तत्त्व आहे. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि अंग तापल्यावर एकेक थर उतरविता येतो. सुती गंजीफ्रॉक घामाने भिजतो व उतारावर वारा लागताच बर्फासारखा गार होतो. वारा छातीवर येतो, म्हणून वाराप्रतिबंधक जाकीट नसल्यास जुन्या वर्तमानपत्राची घडी छातीवर, कपड्यांच्या आत ठेवावी. युरोपातील नावाजलेले स्पर्धकही घाट उतरताना ही युक्ती करीत आले आहेत. हातमोजे मात्र हवेतच. गारठलेली बोटे ब्रेक वेळेवर दाबू शकत नाहीत.

आता ब्रेकचा हिशेब पाहू. ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात सुमारे ७ मीटर जाते. समोरचे दिसून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो. धुक्यात २० मीटर दिसत असेल, तर उरले १३ मीटर; आणि दंवाने रस्ता व चाकाची कड ओली असली, तर तेवढ्यात थांबणे कठीण. शाळेत हे गणित आम्ही वर्षानुवर्षे शिकविले. पण स्वतः सोडविले ते खडीवर पडल्यावर. येथे जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. धुके असेल त्या दिवशी घरी चहा घ्यावा व उजेडाची वाट पाहावी. पुढे पांढरा, मागे लाल दिवा अवश्य असावा. दुपारच्या उन्हात ६० पौंड दाबाने भरलेली ट्यूब पहाटेच्या गारठ्यात सुमारे चार पौंड उतरते; म्हणून निघण्यापूर्वी हवा पाहावी.

ही सर्व पथ्ये पाळून आमचा हा तिसरा हिवाळा चालू आहे. साखर ताब्यात आहे. पोरे पुढे निघून जातात आणि आम्ही त्यांना खुशाल जाऊ देतो. सबुरी हा शब्द आम्ही लहानपणी घरात ऐकला, वर्गात मुलांना सांगितला. पण त्याचा अर्थ कळला तो या रस्त्यावर.

जाता जाता एक विनंती. न्यासाच्या सभासदांपैकी कित्येक कुटुंबांचा ऊस याच दिवसांत कारखान्यास जातो. आपल्या ट्रॉलीच्या मागे चकाकणाऱ्या लाल पट्ट्या लावून घ्याव्यात. त्यांना फारसा खर्च येत नाही. बैलगाडी असल्यास तिच्या मागेही लावाव्यात. गेल्या हंगामात आमच्या वर्गातील मुलांनी रस्त्यावर उभे राहून अशा पट्ट्या चिकटविल्या. आम्हांस ज्याने हात देऊन उठविले, तो चालकही त्यांत आपली ट्रॉली घेऊन आला होता. आमचे मनगटावर निभावले. धुक्यातून येणाऱ्या पुढच्या माणसास ती लाल रेघ वेळेवर दिसावी, एवढीच इच्छा.