पंपाची खडखड

मुलुंडच्या आमच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र पाणी बाहेर टाकताना खडखडू लागले. ‘पंप गेला!’ असे घरच्यांनी ठरवूनही टाकले. पण तुम्ही आधी नीट ऐका. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात चुंबकीय ओढ दोनदा वाढते. म्हणून 100 कंपनांची मंद घूं नेहमीचीच. शेवटी हवा शिरल्यावर होणारी गुरगुरही नेहमीचीच. सुरुवातीपासून खडखड झाली, तर मात्र पात्यांत काहीतरी अडकलेले असू शकते.

प्लग काढा, पाणी उपसा, गाळणी व झाकण काढून चिमट्याने शोधा. काच असू शकते, बोट नको. मग काडीने पाते फिरवा. ते झटके देत फिरले तर घाबरू नका, आत कायमचुंबक असतो. आमच्याकडे निघाला आमटीतला चिंचोका!