काचेचे कोडे : रचना आणि गती

काच ही घन की द्रव, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण हसू. पण या साध्या प्रश्नात पदार्थविज्ञानातील एक अवघड कोडे दडलेले आहे. ते वाचकांपुढे सोप्या शब्दांत मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

उदाहरण स्वयंपाकघरातले घेऊ. साखरेचा पाक घोटत राहिले तर त्यात रवे जमतात. म्हणजे रेणू ठराविक नक्षीत ओळीने बसतात. यास स्फटिक म्हणतात. पण कडक पाक झटकन निवाला, तर रेणूंस रांग लावण्यास सवड मिळत नाही व चकचकीत, ठिसूळ काच तयार होते. खिडकीची काच याच जातीची. तेथे साखरेच्या जागी वाळू, सोडा व चुना.

आता कोडे पाहा. क्ष-किरणांनी पाहिले तर द्रव आणि काच या दोहोंतील मांडणी जवळजवळ सारखीच अस्ताव्यस्त दिसते. चिकटपणा मात्र, पाण्याचा एक धरला तर, काच होण्याच्या सुमारास एकावर पंधरा शून्ये इतका वाढतो. रचना तीच, मग गती कोठे गेली?

जत्रेतील दाट गर्दी आठवावी. प्रत्येक जण शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात अडकलेला. काही जण मिळून सरकले तरच वाट होते. २००० साली एरिक वीक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवात तरंगणारे, सुमारे दोन मायक्रॉनचे गोल कण सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काही कण टोळीने हलत होते, तर बाकीचे जागीच होते. म्हणजे सरासरी रचना हा फरक झाकून टाकते. तो शोधायचा तो प्रत्येक कणाच्या शेजारात. २०१६ साली सॅम्युएल शोएनहोल्झ, अँड्रिया लिऊ प्रभृतींनी संगणकास शिकवून असे दाखविले की, केवळ शेजाऱ्यांच्या मांडणीवरून कोणता कण लवकर हलण्याचा संभव आहे हे बऱ्याच अंशी सांगता येते. तरीही, रचना हेच मूळ कारण की गर्दीतील हालचालीचे नियमच वेगळे, याविषयी शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

ही नुसती बुद्धीची करमणूक नव्हे. काही औषधे काचरूपात असली म्हणजे पोटात लवकर विरघळतात. पण त्यांचे रेणू हळूहळू सरकून स्फटिक बनले, तर तो गुण कमी होतो. असे औषध किती दिवस टिकेल, हे आज ठेवून पाहूनच बरेचसे ठरवावे लागते. मांडणी पाहून गती सांगता आली, तर ते आधीच कळेल. कोडे सुटण्याची वाट रुग्णही पाहत आहेत, ती यासाठी.