पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. अमेरिकेत काही माणसे असेच बिऱ्हाड मोटारीवर घेऊन हिंडतात. १९६० साली जॉन स्टाइनबेक नावाचा लेखक असाच देशभर फिरला. सोबतीला त्याचा कुत्रा चार्ली होता.

ही खोली मालमोटारीच्या हौद्यात बसवतात. आत निजायला जागा, चूल आणि पाण्याची टाकी असते. बऱ्याच खोल्यांच्या भिंती पक्क्या असतात, कापडी नसतात. त्याचा उपयोग काय? यलोस्टोनच्या रानात फिशिंग ब्रिज नावाचा तळ आहे. तिथे अस्वले फिरतात. म्हणून त्या तळावर कापडी तंबूला मनाईच आहे!

मग रानात वीज कुठली? आताच्या बऱ्याच नव्या खोल्यांच्या छपरावर सौर पत्रे असतात. दिवसा उन्हावर बॅटरी भरते. रात्री तिच्यावर दिवा नि पंखा चालतो.

पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली वजनाची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १०० लिटर भरले, की १०० किलो वाढले. शिवाय खोली, माणसे, सामान आहेच. झेपेल त्याहून जास्त लादले, तर गाडी वेळेवर थांबत नाही.

दुसरी हवेची. दारे-खिडक्या लावून आत जाळ केला, तर विषारी वायू साठतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस झोपेतच मरतो.

आपल्याकडेही थंडीत शेगडी पेटवून निजतात. तसे करू नका. निजण्याआधी शेगडी बाहेर काढा. घर चाकावरचे असो की मातीचे, हवेला वाट हवीच.